पेसमेकरधारी व्यक्तींचा व्यायाम आणि हृदयस्पंदनांचे मापन : एक विवेचन

बीजशब्द : पेसमेकर, नाडी, स्पंदनदर, संवेदक, श्रमाची जाणीव, चालण्याचा व्यायाम

प्रस्तावना :

निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. चालणे, जिना चढणे, सूर्यनमस्कार घालणे अशा प्रत्येक श्रमाबरोबर ही संख्या वाढते आणि श्रम थांबल्यावर हळूहळू पूर्वपदावर येते. त्यामुळे व्यायामाची तीव्रता ओळखण्याचे सर्वांत स्वस्त व सोपे साधन म्हणून शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत नाडीमापनाला मानाचे स्थान आहे. २२० मधून वय वजा करावे, येणाऱ्या संख्येच्या अमुक टक्के इतकी नाडी व्यायामात राखावी, हा हिशेब आज व्यायामशाळांच्या भिंतींवरील तक्त्यांतून सर्वांच्या परिचयाचा झाला आहे.

ज्या व्यक्तीच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे तिच्या बाबतीत मात्र या हिशेबाचा पायाच डळमळीत होतो. अशा व्यक्तीची नाडी काही वेळा शरीराच्या गरजेने वाढते, काही वेळा यंत्राच्या अंदाजाने वाढते आणि काही वेळा वाढतच नाही. मनगटावरील घड्याळात आकडा दिसतो, परंतु त्या आकड्यामागे हृदय आहे की यंत्र, हे घड्याळ सांगत नाही. परिणामी दोन प्रकारची माणसे आढळतात. आकडा वाढत नाही म्हणून अधिकाधिक जोर लावणारी आणि आकडा वाढला म्हणून घाबरून व्यायामच सोडून देणारी. दोन्ही प्रकारांत अपाय संभवतो. सदर लेखात या आकड्याचा अर्थ लावण्याची रीत सर्वसामान्य सुशिक्षित वाचकास समजेल अशा प्रकारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. वैयक्तिक मर्यादा अर्थातच प्रत्येकाने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाकडूनच निश्चित करून घ्यावयाच्या आहेत.

स्वाभाविक गती आणि यंत्राची गती :

हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशिष्ट पेशींचा एक लहान पुंजका असतो. हाच निसर्गाने दिलेला गतिनियामक होय. तेथे निर्माण होणारा विद्युत् आवेग प्रथम दोन्ही अलिंदांत पसरतो, दोन्ही कप्प्यांच्या संधिस्थानी क्षणभर रेंगाळतो व नंतर निलयांकडे जातो. पेसमेकरची गरज प्रामुख्याने दोन कारणांनी पडते. पुंजकाच मंदावतो हे एक कारण, आणि आवेग संधिस्थानी अडतो हे दुसरे. व्यायामाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे, कारण पहिल्या प्रकारात श्रमाची वार्ता हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही. दुसऱ्या प्रकारात ती अलिंदांपर्यंत पोहोचते, पण पुढे निलयांकडे जात नाही.

शरीरात पूर्णपणे बसविलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील करोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी बसविला. तो अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी तयार केला होता. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली ते आर्ने लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आरंभीची यंत्रे एकाच ठराविक गतीने आवेग देत असत. मनुष्य झोपलेला असो वा टेकडी चढत असो, यंत्राला त्याचा पत्ता नसे. पुढे हृदयाचे स्वतःचे ठोके ओळखून गरजेपुरताच आवेग देणारी, मग अलिंद व निलय या दोहोंशी जोडलेली आणि १९८० च्या दशकात शरीराच्या हालचालीचा मागोवा घेऊन गती वाढविणारी यंत्रे आली.

यंत्राचा प्रकार आंतरराष्ट्रीय संकेताक्षरांनी दर्शविला जातो आणि ही अक्षरे रुग्णाला मिळणाऱ्या ओळखपत्रावर असतात. पहिले अक्षर कोणत्या कप्प्यास आवेग दिला जातो हे सांगते, दुसरे कोणत्या कप्प्याचे ठोके ओळखले जातात हे सांगते आणि तिसरे ठोका ओळखल्यावर यंत्र काय करते ते सांगते. ‘व्हीव्हीआय’ म्हणजे केवळ निलयाशी जोडलेले आणि हृदयाचा स्वतःचा ठोका दिसताच गप्प बसणारे यंत्र. ‘डीडीडी’ म्हणजे दोन्ही कप्प्यांशी संबंध राखणारे यंत्र. चौथ्या स्थानी ‘आर’ हे अक्षर असेल तर यंत्रात श्रम ओळखून गती वाढविणारा संवेदक कार्यान्वित आहे असे समजावे. व्यायाम करू इच्छिणाऱ्यासाठी हे शेवटचे एक अक्षर अत्यंत महत्त्वाचे आहे. खेदाची बाब अशी की, अनेक रुग्ण हे पत्र कपाटात जपून ठेवतात, पण त्यावरील अक्षरांचा अर्थ त्यांना कोणी समजावून दिलेला नसतो.

गती वाढते ती कशामुळे?

हृदय मिनिटाला जितके रक्त बाहेर टाकते ते म्हणजे ठोक्यांची संख्या आणि प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त यांचा गुणाकार होय. मिनिटाला ७० ठोके व प्रत्येक ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त धरल्यास हा गुणाकार ४,९०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५ लिटर होतो. श्रमात ही गरज अनेक पटींनी वाढते व त्यातील मोठा वाटा ठोक्यांची संख्या उचलते. म्हणूनच ज्याची गती ६० वरच खिळलेली आहे त्यास साध्या चढावर धाप लागते. श्रमाच्या प्रमाणात गती न वाढण्याच्या या दोषाची वैद्यकात स्वतंत्र व्याधी म्हणून नोंद आहे आणि संवेदकयुक्त पेसमेकर मुख्यतः त्यावरचाच उपाय आहे.

संवेदक अनेक प्रकारचे आहेत. सर्वांत प्रचलित प्रकार शरीराच्या हालचालीचे त्वरण मोजतो. हाताच्या हेलकाव्यासह, झपाझप पावले टाकत चालणाऱ्या माणसाच्या धडाला ठराविक लयीत हादरे बसतात आणि ते ओळखून यंत्र गती वाढविते. ही योजना साधी व भरवशाची आहे, पण तिचा एक अंगभूत दोष आहे. ती हालचाल मोजते, श्रम मोजत नाही. स्थिर सायकलीवर बसलेल्या माणसाचे पाय जोरात फिरत असतात, पण छाती जवळजवळ स्थिर असते. अशा वेळी श्रम मोठे असूनही यंत्राची गती थोडीच वाढते. याउलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षात किंवा एस.टी.च्या मागच्या बाकावर बसलेल्या माणसाची नाडी, त्याने काडीचेही श्रम न करता, वाढू शकते. जिना चढताना मनुष्य सावकाश, जपून पावले टाकतो आणि उतरताना धपधप उतरतो. परिणामी जुन्या कंपनमापी संवेदकांत चढताना कमी व उतरताना जास्त गती अशी उलटी स्थिती दिसून येत असे.

ट्रेडमिलवरही हेच घडते. हृदयरोगाच्या तपासणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्रूस पद्धतीत पहिली तीन मिनिटे पट्ट्याचा वेग ताशी अवघा २.७ किलोमीटर असतो, पण चढ १० टक्के असतो. या पद्धतीत श्रमाचा बराच भाग चढातून येतो आणि त्वरण मोजणाऱ्या संवेदकाला चढ कळत नाही. त्यामुळे या तपासणीत पेसमेकरधारी व्यक्तीची नाडी अपेक्षेइतकी वाढली नाही, तर तेवढ्यावरून यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

दुसऱ्या प्रकारचा संवेदक छातीतील विद्युत् अवरोधाच्या बदलांवरून मिनिटागणिक श्वासोच्छ्वासाचे प्रमाण अजमावतो. तो श्रमाच्या अधिक जवळ जातो व सायकलीवरही काम देतो. मात्र कपालभातीसारख्या जलद श्वसनक्रियेत मनुष्य मांडी घालून स्वस्थ बसलेला असतानाही या यंत्राची गती वाढण्याचा संभव असतो. हात जोराने फिरविल्यासही छातीतील अवरोध बदलून त्याची फसगत होऊ शकते. हृदयस्नायूच्या आकुंचनाशी निगडित बदल टिपणारे तसेच विद्युत् आलेखातील विशिष्ट अंतर मोजणारे संवेदकही आहेत. काही यंत्रांत दोन संवेदकांची सांगड घातलेली असते. आपल्या यंत्रात कोणता संवेदक आहे हे माहीत असल्याशिवाय नाडीच्या आकड्यावरून व्यायामाचा निवाडा करणे म्हणजे तराजूचे वजन न तपासता माल मोजण्यासारखे आहे.

श्रम थांबविल्यानंतरचा काळही दुर्लक्षिला जातो. मनुष्य थांबला की त्याचे हादरे थांबतात, पण स्नायूंची प्राणवायूची मागणी तत्काळ थांबत नाही. म्हणून यंत्राची गती टप्प्याटप्प्याने उतरावी अशी योजना त्यात केलेली असते आणि हा उतरणीचा कालावधी कमीअधिक करता येतो. तरीही शेवटची ५ ते १० मिनिटे चाल सावकाश करीत आणणे हे पेसमेकरधारकासाठी इतरांहूनही अधिक अगत्याचे आहे.

वरची मर्यादा आणि अचानक निम्मी होणारी नाडी :

बहुतेक पेसमेकरमध्ये किमान व कमाल अशा दोन गती ठरविलेल्या असतात. ओळखपत्रावर किंवा तपासणीच्या कागदावर ‘६०-१३०’ असे काहीसे लिहिलेले असते ते हेच. कमाल मर्यादा यंत्राने द्यावयाच्या आवेगांची आहे, हृदयाची नव्हे. पेसमेकर हृदयाला वेग देऊ शकतो, लगाम घालू शकत नाही. ज्याचा संधिमार्ग शाबूत आहे त्याचे हृदय स्वतःच्या बळावर १३० च्या पुढेही जाऊ शकते आणि तसे झाल्यास यंत्र बिघडले असे मुळीच नाही.

संधिस्थानी पूर्ण अडथळा असलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. त्याचे अलिंद श्रमानुसार योग्य गतीने वाढत जाते आणि पेसमेकर प्रत्येक अलिंद-ठोक्यामागे निलयास एक आवेग देतो. येथे दोन कालावधी विचारात घ्यावे लागतात. अलिंद व निलय यांच्या आवेगांत यंत्राने ठेवलेले अंतर हा पहिला, आणि निलयाच्या आवेगानंतर अलिंदाकडे यंत्र जाणूनबुजून लक्ष देत नाही तो विरामकाळ दुसरा. समजा, पहिला १५० मिलिसेकंद व दुसरा २५० मिलिसेकंद आहे. त्यांची बेरीज ४०० मिलिसेकंद होते. मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद ४०० ने भागले असता १५० हा आकडा मिळतो. अलिंदाची गती १५० च्या वर गेली की प्रत्येक दुसरा अलिंद-ठोका विरामकाळात सापडून वाया जातो. अलिंद १५२ वेळा धडकते आणि नाडी ७६ वर येते.

कमाल मर्यादा १३० असेल तर १३० ते १५० या पट्ट्यात यंत्र मध्यम मार्ग काढते. अलिंद १४० च्या गतीने चालले आहे असे समजू. दोन अलिंद-ठोक्यांतील अंतर सुमारे ४२८ मिलिसेकंद, तर यंत्राला परवानगी असलेले किमान अंतर सुमारे ४६१ मिलिसेकंद. दर ठोक्यागणिक यंत्र ३३ मिलिसेकंद मागे पडत जाते आणि काही ठोक्यांनंतर एक ठोका गळतो. मनगटावर बोट ठेवणाऱ्यास सलग ठोके व मध्येच एक खंड अशी नाडी जाणवते. ही यंत्राची अपेक्षित वागणूक आहे.

परंतु हाच हिशेब २०० आणि ३०० मिलिसेकंदांनी केला तर बेरीज ५०० होते व मर्यादा १२० वर येते. कमाल गतीही १२० च ठेवलेली असेल तर मधला पट्टा उरतच नाही. टेकडी चढणारा तरुण रुग्ण १२० वरून एकदम ६० च्या आसपास येतो. त्याला चक्कर येते, पाय गळतात आणि घड्याळ मात्र ‘सर्व काही शांत’ असल्यासारखा ६१ हा आकडा दाखविते. व्यायामाच्या ऐन भरात नाडी अकस्मात निम्म्यावर येणे ही खूण म्हणूनच रुग्णाने ओळखली पाहिजे. हल्लीच्या यंत्रांत गती वाढेल तसे हे कालावधी आपोआप आखूड करण्याची सोय आहे. ती वापरली गेली की नाही हे यंत्र बसविणाऱ्यावर अवलंबून असते आणि रुग्णाने आपण किती व कसला व्यायाम करतो हे आधी सांगितले नाही तर वैद्यालाही ते सुचत नाही. वयस्क व घरात वावरणाऱ्या रुग्णासाठी बेतलेली आकडेमोड धावण्याची सवय असलेल्या पस्तिशीतील माणसास पुरत नाही.

मापनाची साधने :

बोटाने नाडी मोजणे हे आजही सर्वांत विश्वसनीय साधन आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस तर्जनी व मध्यमा ठेवून पूर्ण ३० सेकंद मोजावे व दुप्पट करावी. ठोके अनियमित वाटल्यास पूर्ण मिनिट मोजावे. मानेवरील नाडी मोजणे वृद्धांनी शक्यतो टाळावे. तेथे दाब पडल्यास काहींचा रक्तदाब एकाएकी उतरतो. शार्ङ्गधरसंहितेपासून नाडीपरीक्षेची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजात स्वतःची नाडी मोजता न येणारे पदवीधर मोठ्या संख्येने आढळावेत, हे काहीसे विचित्रच होय.

छातीला बांधण्याचा पट्टा हृदयाचे विद्युत् स्पंदन टिपतो. निरोगी व्यक्तीत तो अचूक असतो. पेसमेकरधारकात मात्र यंत्राचा आवेग हाही एक विद्युत् संकेतच असल्याने तो स्वतंत्र ठोका म्हणून मोजला जाऊ शकतो व आकडा फुगतो. ज्या यंत्रांत विद्युत् मंडल यंत्राच्या कवचामार्गे पूर्ण होते, त्यांत हा संकेत मोठा असल्याने ही शक्यता अधिक असते. ट्रेडमिलच्या दांड्यावरील धातूच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात व मूठ घट्ट आवळल्याने त्यांत स्नायूंच्या संकेतांची आणखी भर पडते.

मनगटी घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालील रक्ताचा चढउतार पाहते. ते विद्युत् संकेत मोजत नसल्याने पेसमेकरच्या आवेगाने फसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण हात हलत असताना, पट्टा सैल असताना किंवा हवा थंड असताना ते चुकते आणि पावलांच्या लयीलाच नाडी समजण्याची चूकही करू शकते. शिवाय वेळेआधी पडलेला ठोका कमजोर असेल तर तो मनगटापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे ६० ची किमान गती असलेल्या रुग्णाच्या घड्याळात विश्रांतीच्या वेळी ५० हा आकडा दिसू शकतो. झोपेसाठी मुद्दाम कमी ठेवलेली गती हेही त्याचे कारण असू शकते. मात्र दिवसा, जागेपणी, बोटाने पूर्ण मिनिट मोजूनही नाडी किमान गतीच्या खाली वारंवार येत असेल आणि सोबत अंधारी येत असेल तर ती तातडीने दाखविण्याची बाब आहे, कारण तारेमार्फत गेलेल्या आवेगास हृदय प्रतिसाद देत नसण्याचा तो संकेत असू शकतो.

भ्रमणध्वनी आणि घड्याळ पेसमेकरपासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिली आहे. शर्टाच्या वरच्या खिशात भ्रमणध्वनी ठेवून चालावयास जाण्याची सवय म्हणूनच सोडावी. शरीरातील चरबी मोजणाऱ्या वजनकाट्यातून सूक्ष्म विद्युत् प्रवाह जातो. त्यांचा वापर पेसमेकरधारकांनी करू नये असे त्यांच्या माहितीपत्रकांतच नमूद असते.

आकडा नव्हे, जाणीव :

साठ वर्षांच्या व्यक्तीसाठी २२० वजा ६० म्हणजे १६० आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १३६. ज्याच्या नाडीची सारी मदार यंत्रावर आहे व यंत्राची कमाल गती १२० आहे, तो १३६ गाठण्यासाठी कितीही धावला तरी तेथे पोहोचणार नाही. त्याची दमछाक मात्र होईल. बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत तर हृदयाची स्वतःची गतीही दबलेली असते. त्यामुळे भिंतीवरील तक्ता या व्यक्तींना लागू करू नये.

त्याऐवजी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली श्रमाच्या जाणिवेची ६ ते २० अंकांची श्रेणी अधिक उपयुक्त ठरते. तीत ६ म्हणजे मुळीच श्रम नाही व २० म्हणजे श्रमाची पराकाष्ठा. निरोगी व्यक्तीत या अंकाची दसपट म्हणजे साधारण नाडी, असा मूळ हेतू होता. पेसमेकरधारकात ही दसपट जुळेलच असे नाही, पण जाणीव खरी असते. नित्याच्या व्यायामासाठी ११ ते १३, म्हणजे ‘हलके’ ते ‘काहीसे कष्टाचे’, हा टप्पा बहुतेकांना मानवतो. याहून सोपी कसोटी बोलण्याची आहे. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये. शब्दाशब्दाला थांबावे लागले तर गती कमी करावी.

यंत्र बसविल्यानंतरचे पहिले ४ ते ६ आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेणे व जड ओझे उचलणे टाळण्यास सांगितले जाते. सूर्यनमस्कार व पोहणे या काळात वर्ज्यच समजावे. चालणे मात्र वैद्याच्या अनुमतीने लवकर सुरू करता येते. भीतीपोटी हात अजिबात न हलविणारे रुग्ण पुढे खांदा आखडल्याची तक्रार घेऊन येतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांच्या यंत्रात हृदयाची घातक जलद गती ओळखून झटका देण्याची व्यवस्था आहे त्यांच्यासाठी मात्र नाडीचा आकडा टाळता येत नाही. ज्या गतीला झटका देण्याची योजना आहे ती माहीत करून घेऊन व्यायामात तिच्या किमान १० ठोके खालीच राहावे लागते.

यंत्राची स्वतःची नोंदवही :

एवढा खटाटोप करून बाहेरून जे मोजावयाचे, त्याची नोंद यंत्र आत बसून सतत ठेवीत असते, हे अनेकांस ठाऊक नसते. नियतकालिक तपासणीत तंत्रज्ञ छातीवर संपर्कयंत्र ठेवतो तेव्हा ठोक्यांचा स्तंभालेख पडद्यावर येतो. कोणत्या गतीच्या पट्ट्यात किती टक्के ठोके पडले व त्यातील किती यंत्राने दिले, हे त्यात दिसते. रोज तासभर भरभर चालणाऱ्या व्यक्तीचे जवळपास सर्व ठोके ६० ते ७० च्या पट्ट्यातच आढळले तर संवेदक बंद आहे किंवा मंद ठेवलेला आहे असे समजून तो तीव्र करता येतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे ठोके ११० च्या पुढे दिसले तर तो सौम्य करता येतो. दुरुस्तीनंतर तेथेच रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात काही मिनिटे चालवून पुन्हा पाहता येते. या कामास शस्त्रक्रिया लागत नाही व फारसा वेळही लागत नाही. मात्र तपासणी बॅटरी व तारा पाहण्यापुरतीच उरकली जाते आणि रुग्णही ‘बॅटरी चांगली आहे ना?’ एवढेच विचारून परततो.

बॅटरीचाही व्यायामाशी संबंध आहे. तिची शक्ती ठराविक पातळीखाली गेली की काही यंत्रे वीज वाचविण्यासाठी संवेदक व अलिंदाचा मागोवा आपोआप बंद करून मिनिटाला ६५ यासारख्या एकाच गतीवर येतात. घरात बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. रोज चालणाऱ्याला मात्र नेहमीचा चढ एकाएकी जड वाटू लागतो व नाडी मोजली असता ती चालतानाही ६५ आणि थांबल्यावरही ६५ भरते. दिनांक, चाललेले अंतर, विश्रांतीची नाडी, चालण्याच्या शेवटी बोटाने मोजलेली नाडी आणि श्रमाच्या जाणिवेचा अंक अशा पाच रकान्यांची साधी वही ज्याने ठेवली आहे, त्याला हा बदल पुढच्या तपासणीची तारीख येण्याआधीच दिसतो आणि ती वही घेऊन त्याने त्याच आठवड्यात तपासणीस जावे.